‘कुंग फू पिक्चरला डोकं लागत नाही’ हे म्हणणं मला मान्य नाही

गेले काही दिवस एक मजकूर या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. लिहिणाऱ्याचं नाव नाही, पण पुढे पाठवणाऱ्यांत चांगले वाचणारे-बघणारे लोक आहेत, म्हणून उत्तर द्यावंसं वाटलं. मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं: कुंग फू-कराटेच्या चित्रपटांना गोष्ट नसते. लढाई सगळी खोटी, तारा बांधून आणि कात्री चालवून केलेली, आणि खऱ्या मारामारीत त्यातलं काही चालत नाही. बाई असलीच तर तिला सोडवून आणण्यापुरती. पोरं त्यातून हिंसा शिकतात. आणि शेवटी, हा पिटातल्या पब्लिकचा सिनेमा, जाणकारांनी त्यात वेळ घालवू नये.

मला हे चित्रपट मनापासून आवडतात. त्यांतले पुष्कळसे सुमार असतात हेही मला ठाऊक आहे. घाईत काढलेले, भयंकर डबिंगचे, विनोदाच्या नावाखाली काहीही खपवणारे. पण कुठलाही प्रकार त्यातल्या टुकार नमुन्यांवरून मोजायचा नसतो. तेव्हा चांगल्या नमुन्यांबद्दल बोलू.

‘गोष्ट नसते.’ १९७८ साली हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स या चित्रपटसंस्थेने ‘द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’ काढला. दिग्दर्शक लाउ कार-लेउंग, नायक गॉर्डन लिऊ. चीनवर राज्य करणाऱ्या मांचू राजवटीच्या जुलमात घरचे आणि सोबती गमावलेला एक विद्यार्थी जखमी अवस्थेत शाओलिन मठात पोचतो. त्याला युद्धकला शिकायची आहे, सूड घ्यायचा आहे. मठात ३५ दालनं आहेत आणि प्रत्येकात एक गोष्ट शिकायची. हा पठ्ठ्या सुरुवातच सगळ्यात वरच्या दालनापासून करायला जातो, जिथे फक्त सूत्रपठण चालतं, आणि तिथून बाहेर फेकला जातो. मग मुकाट्याने खालून सुरुवात.

पहिली परीक्षा जेवणघराच्या वाटेवरच. मध्ये पाणी, पाण्यात तरंगणारी ओंडक्यांची मोळी, तिच्यावर पाय टेकवून पलीकडे जायचं. बाकीचे भिक्षू सहज उडी मारून जातात, हा धप्पकन पाण्यात. रात्री सगळे झोपल्यावर तो एकटाच सराव करत बसतो. पुढे पाण्याच्या बादल्या घेऊन चढ चढायचा, तोही हात दोन्ही बाजूंना सरळ पसरून. दंडांना सुऱ्या बांधलेल्या, टोकं बरगड्यांकडे. हात जरा खाली आला की स्वतःलाच टोचतं. पुढच्या दालनात लांबलचक बांबूच्या टोकाला जड वजन, आणि गुरूच्या ठेक्यावर त्याने घंटा वाजवायची, सगळा जोर मनगटाचा. नंतर डोळे, मग डोकं, मग पाय.

मधला मोठा भाग एवढ्यानेच व्यापलेला आहे. खलनायक जवळपास गायब. तरीही माणूस खुर्चीवरून हलत नाही, कारण गोष्ट चालूच असते, फक्त ती संवादांतून न सांगता शरीरातून सांगितली जाते. पहिल्या दिवशी थरथरणारा हात काही महिन्यांनी स्थिर झालेला दिसतो, आणि माणूस आतून बदलला हे सांगायला कुणाला भाषण करावं लागत नाही. सूड मागायला आलेला हा मुलगा शेवटी ३६ वं दालन मागतो, मठाबाहेरच्या साध्या माणसांना शिकवण्यासाठी. विद्या कुणाची, हा प्रश्न त्या गोष्टीच्या पोटात आहे. याला ‘गोष्ट नाही’ म्हणायचं असेल, तर गोष्ट म्हणजे फक्त कारस्थान आणि रहस्यभेद असं आपण ठरवून टाकलंय.

दिग्दर्शकाला हे सगळं आतून ठाऊक होतं. त्याचे वडील लाम साय-विंग यांचे शिष्य, आणि लाम साय-विंग हे वोंग फेइ-हुंग या दक्षिण चीनमधल्या नामांकित गुरूंचे शिष्य. शिकणं किती संथ, किती कंटाळवाणं असतं, हे घराण्यात मुरलेल्या माणसाने पडद्यावर आणलं.

आता ‘लढाई खोटी’. हा मुद्दा सगळ्यात जास्त वेळा ऐकू येतो आणि सगळ्यात जास्त फसवा आहे. तारा असतात, हो. ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’मधली (२०००) बांबूंच्या शेंड्यांवरची लढाई तारांवरचीच आहे, नट क्रेनला टांगलेले होते आणि तारा नंतर संगणकाने पुसल्या. पण उडणारे तलवारबाज ही चिनी शौर्यकथांची जुनी रीत आहे. बघणाऱ्याला कुणी फसवत नाही, तो ती रीत मान्य करूनच बसलेला असतो. कॅमेरा २४ ऐवजी सेकंदाला २२ फ्रेमने चालवून हालचाल किंचित जलद दाखवायची युक्तीही सर्रास वापरली गेली. हे सगळं मान्य.

पण याच परंपरेची दुसरी बाजू बघा. जॅकी चॅन, सॅमो हंग, युएन बियाओ हे तिघं हाँगकाँगच्या एकाच नाट्यशाळेत, यू जिम-युएन या गुरूंच्या हाताखाली, पेकिंग ऑपेराची, म्हणजे गाणं, अभिनय आणि कसरती एकत्र असलेल्या पारंपरिक चिनी नाट्याची तालीम घेत वाढले. जॅकी तिथे सुमारे दहा वर्षं होता. कोलांट्या, हातांवर उभं राहणं, गाणं, शस्त्रं, आणि चुकलं की छडी. ती पद्धत क्रूर होती, तिचं समर्थन मी करणार नाही. पण पडद्यावर दिसणारं कसब तिथून आलं, संपादकाच्या टेबलावरून नाही.

‘प्रोजेक्ट ए’मध्ये (१९८३) जॅकी घड्याळाच्या मनोऱ्यावरून सुटतो, दोन कापडी छपरं फाडत खाली येतो आणि जमिनीवर आदळतो. कॅमेरा लांब उभा आहे, वरपासून खालपर्यंत सगळं एकाच चौकटीत. तोंड लपवलेलं नाही, मध्ये कट नाही. ‘पोलीस स्टोरी’मध्ये (१९८५) तो एका मोठ्या दुकानाच्या आत, दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या खांबावरून काही मजले घसरत खाली येतो. दिवे फुटत जातात, ठिणग्या उडतात. हे एकाच टेकमध्ये झालं आणि त्याचे तळहात भाजले. त्या चित्रपटात काचा इतक्या फुटल्या की स्टंटवाल्यांनी त्याचं नावच ‘ग्लास स्टोरी’ पाडलं होतं. पुढच्याच वर्षी ‘आर्मर ऑफ गॉड’च्या वेळी झाडावरच्या साध्या उडीत त्याची कवटी फुटली आणि तो जेमतेम वाचला. अशी जोखीम कुणी घेऊ नये असंच माझं मत आहे, आणि त्या काळातल्या स्टंटवाल्यांच्या दुखापतींबद्दल कौतुकापेक्षा काळजीच वाटायला हवी. पण ‘खोटं’ हा शब्द इथे लावणं म्हणजे त्या माणसांच्या मेहनतीचा अपमान आहे.

आणि कात्रीबद्दल. चांगल्या हाँगकाँग चित्रपटात कट असतात ते लढाई लपवण्यासाठी नसतात, ती नीट दिसावी म्हणून असतात. नृत्यरचनाकार जसा, तसा लढाई बसवणारा माणूस तिथे असतो, आणि अनेकदा कॅमेरा कुठे ठेवायचा हेही तोच ठरवतो. एक एक वार वेगळा बसवतात, त्या वारासाठी नेमकी जागा शोधतात. दोघं एकमेकांना जोखत क्षणभर स्थिर उभे राहतात, मग तीन-चार वार झपाझप, मग पुन्हा स्थिर. तो थांबा नसेल तर वेग कळतच नाही. तिहाई समेवर आली की मान आपोआप हलते, तसं शेवटच्या वाराला थिएटरात होतं. उलट ज्या चित्रपटांत नटाला काहीच येत नाही, तिथे कॅमेरा हलवून आणि अर्ध्या अर्ध्या सेकंदाचे तुकडे जोडून गोंधळ उडवतात. खोटेपणा शोधायचा असेल तर तो तिथे सापडेल.

हीच गोष्ट पुढे थायलंड आणि इंडोनेशियाने नव्याने सिद्ध केली. ‘ओंग बाक’ (२००३) तारा आणि संगणकाशिवाय केलेला, नट टोनी जाच्या मुए थाय या थाई युद्धकलेतल्या कसबावर उभा. ‘द रेड’मधला (२०११) इको उवैस आधी सिलाट या तिकडच्या युद्धकलेचा खेळाडू, नट नंतर.

राहता राहिलं ‘खऱ्या मारामारीत चालत नाही’. २०१७ साली चेंगडूमध्ये एका एमएमए (मिश्र युद्धकला) खेळाडूने ताय ची या पारंपरिक चिनी युद्धकलेच्या एका गुरूला काही सेकंदांत आडवं केलं, तो व्हिडिओ या मजकुरासोबत फिरतोय. निकाल खरा आहे. पण तो त्या गुरूच्या दाव्याचा निकाल, चित्रपटाचा नाही. चित्रपट बघायला गेलेला माणूस स्वसंरक्षणाचा क्लास लावायला गेलेला नसतो.

‘बाई सोडवून आणण्यापुरती.’ हे तर वस्तुस्थितीला धरूनच नाही. किंग हूच्या ‘कम ड्रिंक विथ मी’ची (१९६६) मध्यवर्ती भूमिका चेंग पेइ-पेइची आहे. पुरुषी वेशात ती खाणावळीत एकटी बसलेली, चहूबाजूंनी डाकू, आणि तिचा चेहरा शांत. ती मुळात नृत्य शिकलेली होती आणि दिग्दर्शकाला तेच हवं होतं. सोडवून आणायचं आहे ते तिच्या भावाला, आणि सोडवायला निघालीय ती. १९८१ च्या ‘माय यंग आंटी’त कारा हुई नात्याने थोरली पण वयाने कोवळी काकू आहे. तिच्या दुप्पट वयाचा पुतण्या तिच्यासमोर अदबीने वाकतो, आणि हातघाईची वेळ आली की तीही त्याला कमी पडत नाही. पहिल्या हाँगकाँग फिल्म पुरस्कारांत, १९८२ साली, सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान तिला याच भूमिकेसाठी मिळाला. मिशेल यो मूळची बॅले शिकलेली, १९८५ च्या ‘येस, मॅडम’पासून लढतेय. त्याच काळातल्या आपल्या हिंदी ॲक्शनपटांत नायिकेच्या वाट्याला काय यायचं, ते आठवून बघा.

‘पोरं हिंसा शिकतात.’ इथे मी थोडा थांबेन, कारण पालकांची काळजी खोटी नाही. नानचाकूच्या, म्हणजे साखळीने जोडलेल्या दोन दांडक्यांच्या नादात पोरांनी स्वतःचीच डोकी फोडून घेतली आहेत. पण हिंसेला हिंसा म्हणताना फरक करावा लागतो. बंदुकीच्या चित्रपटात बोट दाबलं की काम झालं, शिकावं काही लागत नाही. इथे प्रत्येक वारामागे शिकण्याची वर्षं दिसतात आणि वार बसला की दुखतं. जॅकी चॅनचा नायक ठोसा मारतो आणि स्वतःचाच हात झटकत कळवळतो. शक्य तिथे पळून जातो. ‘एंटर द ड्रॅगन’मध्ये (१९७३) बोटीवर एक दांडगट ब्रूस लीला डिवचतो. ली त्याला बेटावर जाऊन लढू म्हणत छोट्या होडीत उतरवतो, दोरी सैल सोडतो आणि खेळ तिथेच संपवतो, एकही वार न करता.

मला सगळ्यात जवळचं उदाहरण ‘हीरोज ऑफ द ईस्ट’चं (१९७८) वाटतं, दिग्दर्शक पुन्हा लाउ कार-लेउंग. चिनी नवरा, जपानी बायको, आणि कुणाची युद्धकला श्रेष्ठ यावरून घरात जुंपलेली. भांडण पेटतं, जपानहून एकेक उस्ताद येतात आणि नवऱ्याला प्रत्येकाशी लढावं लागतं. तलवार, भाला, कराटे, शेवटी निंजा. संपूर्ण चित्रपटात एकही माणूस मरत नाही. ज्या काळात हाँगकाँगच्या पडद्यावर जपानी माणूस म्हणजे ठरलेला खलनायक होता, त्या काळात इथे दोन्ही बाजू एकमेकांच्या विद्येला मान देऊन वेगळ्या होतात.

शेवटचा मुद्दा, ‘पिटातलं पब्लिक’. हो, हा सिनेमा स्वस्त तिकिटांच्या थिएटरांतूनच जगभर गेला, आणि मला ते लपवावंसं वाटत नाही. १९७३ च्या मे महिन्यात अमेरिकेत एका आठवड्यात कमाईच्या यादीतले पहिले तिन्ही चित्रपट हाँगकाँगचे होते. शहरांतल्या कृष्णवर्णीय वस्त्यांत ते वर्षानुवर्षं चालले. त्यातूनच वाढलेल्या वू-टँग क्लॅन या अमेरिकन रॅप गटाने १९९३ च्या आपल्या पहिल्या अल्बमच्या नावात ३६ दालनं घेतली. का चालले असतील? ‘फिस्ट ऑफ फ्यूरी’मध्ये (१९७२) शांघायच्या बागेच्या दारावर पाटी आहे, कुत्र्यांना आणि चिन्यांना मज्जाव. ब्रूस ली ती लाथेने उडवून तोडतो. पाटी कुठल्या देशातली हे ज्याने कधी अशी पाटी सोसली त्याला विचारावं लागत नाही. बोस्नियातलं मोस्तार शहर युद्धानंतर क्रोएट आणि बोस्नियाक असं दुभंगलेलं होतं. तिथल्या तरुणांनी दोन्हीकडच्यांना चालेल असा कुणीतरी शोधला, आणि २००५ साली पुतळा उभा राहिला तो ब्रूस लीचा.

आपल्याकडेही हे चित्रपट व्हिडिओ पार्लरमधून आणि केबलवरून, भाषा न कळता पोचले. सायकलच्या चेनने दोन दांडके जोडून नानचाकू करणारी पोरं आणि शाळेच्या मैदानावरचे कराटेचे क्लास गावोगाव होते. २०१८ चा ‘मर्द को दर्द नहीं होता’ याच वेडात वाढलेल्या मुंबईच्या पोटातून आला. त्याचा नायक व्हीएचएस कॅसेटी बघून लढायला शिकतो. आणि कोल्हापूरच्या मर्दानी खेळाभोवती आजही गर्दी कशासाठी थांबते? दांडपट्टा फिरवणाऱ्या पोरीचं मनगट बघायला. तिथे ना तार असते, ना कट.

ज्यांनी तो मजकूर पुढे पाठवला त्यांना एकच विनंती. शनिवारी रात्री ‘थर्टी-सिक्स्थ चेंबर’ लावा, आणि बादल्यांचा प्रसंग येईपर्यंत मोबाइल बाजूला ठेवा. मग वाद घालायला मी तयार आहे.