मेंदूचे ‘झोपलेले’ नव्वद टक्के: एका फॉरवर्डचा प्रतिवाद

शाळांच्या सुट्ट्या जवळ आल्या की पालकांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास येतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, मुद्दे तेच राहतात. माणूस मेंदूचा फक्त १० टक्के भाग वापरतो, हे विज्ञानानं सिद्ध झालंय. मेंदूच्या स्कॅनमध्येही एवढासाच भाग उजळलेला दिसतो. फ्रान्समध्ये ९० टक्के मेंदू नसलेला माणूस मजेत सरकारी नोकरी करत होता. उरलेल्या पेशी झोपलेल्या आहेत आणि त्या जागवता येतात. आइन्स्टाईनही हेच म्हणाला होता. आणि सगळ्यात खाली ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’च्या, म्हणजे मुलांचा मेंदू जागवून देतो म्हणणाऱ्या, वर्गाचा फोन नंबर.

यातला फोन नंबर तेवढा खरा असावा. तरीही उत्तर सविस्तर द्यायला हवं, कारण या मजकुरात वैद्यकातल्या एक-दोन खरोखर चक्रावून टाकणाऱ्या केसेस उगाच वाया घालवल्या आहेत.

‘फक्त १० टक्के, विज्ञानानं सिद्ध’

हे सिद्ध करणारा प्रयोग नाही. १९०७ मध्ये विल्यम जेम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं लिहिलं की आपण आपल्या मानसिक आणि शारीरिक क्षमतेचा थोडाच भाग वापरतो. त्यात टक्केवारी नव्हती आणि ‘मेंदूचा भाग’ असंही नव्हतं. १९३६ मध्ये डेल कार्नेगींच्या गाजलेल्या पुस्तकाला लॉवेल थॉमस या पत्रकारानं प्रस्तावना लिहिली आणि तिच्यात जेम्सच्या नावावर ‘१० टक्के’ चढवले. आकडा आला तो असा, प्रस्तावनेतून.

प्रयोगशाळेतून आलं ते याच्या नेमकं उलट. सीमोर केटी यांनी १९४० च्या दशकात फिलाडेल्फियात जिवंत माणसाच्या मेंदूचा रक्तपुरवठा आणि ऑक्सिजनचा खर्च मोजण्याची पद्धत बसवली. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण विश्रांतीच्या वेळचा ऑक्सिजनचा खर्च सुमारे २० टक्के! पुढे १९५५ मध्ये लुई सोकोलॉफ आणि केटी यांच्या गटानं लोकांना तोंडी गणितं घालून तोच खर्च पुन्हा मोजला. एकूण आकडा बदलला नाही. म्हणजे पडून असलेला मेंदू गणित आल्यावर कामाला लागतो असं नव्हे. तो आधीपासूनच कामात असतो.

पण हा झाला अख्ख्या मेंदूचा हिशेब. कोणता कोपरा किती खर्च करतो हे कळायला किरणोत्सारी समस्थानिकं, म्हणजे मूलद्रव्यांचे किरण सोडणारे अणू, लागली. सोकोलॉफ यांनी ग्लुकोजसारखाच, पण थोडा वेगळा रेणू घेतला आणि त्याला कार्बन-१४ ची खूण लावली. पेशी तो साखर समजून आत घेते, पहिली रासायनिक पायरी पार पाडते, आणि पुढची पायरी त्याला झेपत नसल्यामुळे तो तिथेच अडकतो. जिथे साखरेची भूक जास्त, तिथे किरणोत्सार जास्त. उंदरांच्या मेंदूच्या पातळ चकत्या एक्स-रे फिल्मवर ठेवल्या की नकाशा तयार.

माणसाच्या मेंदूच्या चकत्या करता येत नाहीत, म्हणून कार्बनऐवजी फ्लोरिन-१८ आलं. त्यातून निघालेला पॉझिट्रॉन जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटला की दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना सुटतात, आणि डोक्याभोवतालचं यंत्र ते पकडून जागा शोधतं. फ्लोरिन-१८ चा अर्धायुकाल, म्हणजे ते निम्मं उरायला लागणारा वेळ, सुमारे ११० मिनिटं. ऑगस्ट १९७६ मध्ये हे औषध, म्हणजे एफडीजी, पहिल्यांदा माणसाला टोचलं गेलं तेव्हा ते ब्रुकहेवनच्या प्रयोगशाळेत बनवून विमानानं फिलाडेल्फियाला न्यावं लागलं, आणि वाटेत ते सतत कमी होत होतं. आज तेच औषध आणि तसंच यंत्र वापरून देशभर स्कॅन होतात, त्यांना पेट स्कॅन म्हणतात. भारतातलं पहिलं वैद्यकीय सायक्लोट्रॉन, म्हणजे अशी किरणोत्सारी द्रव्यं बनवणारं यंत्र, आणि पेट स्कॅनर २००२ मध्ये मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झालं.

घरात कुणाचा कॅन्सरसाठी पेट स्कॅन झाला असेल तर ती फिल्म काढून बघा. संपूर्ण शरीरात सगळ्यात गडद काय दिसतं? मूत्राशय, कारण औषध लघवीवाटे बाहेर पडतं, आणि मेंदू. सगळाच्या सगळा मेंदू. तो इतका साखर खातो की त्यात लपलेली लहान गाठ या स्कॅनवर सहज दिसत नाही आणि त्यासाठी वेगळा एमआरआय करावा लागतो. नव्वद टक्के मेंदू पडून असता तर कॅन्सरच्या डॉक्टरांचा हा वैताग तरी वाचला असता.

एखादा भाग खरंच फिका दिसला तर? तो आजार समजला जातो. अपस्माराच्या रुग्णात दोन झटक्यांच्या मधल्या काळात मेंदूचा जो तुकडा फिका दिसतो, त्याच्यावर सर्जनची नजर जाते. अल्झायमरमध्ये मेंदूच्या मागच्या आणि बाजूच्या ठरावीक भागांत साखर कमी जाते. गाढ झोपेत मेंदूचा एकूण खर्च सुमारे ४० टक्क्यांनी उतरतो, प्रोपोफॉलसारख्या भुलीत तर निम्म्याहून खाली येतो. मेंदूला जबर इजा झालेल्या रुग्णांच्या २०१६ मधल्या अभ्यासात निरोगी मेंदूच्या खर्चाच्या ४२ टक्के ही सीमारेषा निघाली. तिच्याखाली सहसा जाणीव टिकत नाही. बघा: ४२ टक्क्यांखाली शुद्ध नाही, आणि फॉरवर्डवाले म्हणतात आपण १० टक्क्यांवर ऑफिसला जातो. स्कॅनमध्ये कवटी पूर्ण रिकामी दिसते ती मेंदूमृत्यूत.

‘स्कॅनमध्ये थोडाच भाग उजळतो’

सोबत एक चित्र असतं: करडा मेंदू, त्यावर दोन लाल-पिवळे ठिपके. चित्र खरं आहे, वाचन चुकीचं. ते वजाबाकीचं चित्र आहे. आधी माणूस स्वस्थ पडलेला असताना मोजमाप घेतात, मग शब्द वाचताना. दुसऱ्यातून पहिलं वजा करतात आणि फरक उरतो तेवढाच रंगवतात. करडा भाग बंद नसतो, दोन्ही वेळा तितकाच चालू असतो, म्हणून वजा होऊन जातो. सेंट लुईसच्या मार्कस रेकल यांनी हीच वजाबाकी ऑक्सिजन-१५ वापरून वर्षानुवर्षं केली. एखादं काम करताना त्या भागाच्या मूळ खर्चात पडणारी भर बहुधा ५ टक्क्यांहूनही कमी असते. उलट काम सुरू झालं की काही भाग मंदावतात हे त्यांच्या लक्षात आलं. आपण ‘काहीच करत नसताना’ चालू असणाऱ्या या जाळ्याचं त्यांनी २००१ मध्ये केलेलं वर्णन आज पाठ्यपुस्तकात आहे.

‘फ्रान्समधला ९० टक्के मेंदू नसलेला माणूस’

ही केस खरी आहे आणि तिला हसण्यावारी नेता येत नाही. जुलै २००७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मार्सेयच्या डॉक्टरांनी ती छापली. ४४ वर्षांचा गृहस्थ, सरकारी कर्मचारी, लग्न झालेलं, दोन मुलं. डाव्या पायात थोडा अशक्तपणा वाटतो म्हणून दाखवायला आला. स्कॅन केला तर कवटीत बहुतेक पाणीच, आणि मेंदू कडेला पातळ थरासारखा पसरलेला.

इथपर्यंत फॉरवर्ड बरोबर. पुढचं गाळलं आहे. त्याला तान्हेपणी जलशीर्ष, म्हणजे मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साठण्याचा आजार होता. सहा महिन्यांचा असताना पाणी काढून देणारी नळी, शंट, बसवली होती आणि चौदाव्या वर्षी ती दुरुस्त करावी लागली होती. पुढे पाणी हळूहळू, वर्षानुवर्षं साठत गेलं. मेंदू एका रात्रीत गायब झाला नाही. तो कवटीच्या भिंतीकडे रेटला गेला, ताणला गेला, पातळ झाला. स्कॅनवर जाडी दिसते, त्या पातळ थरात किती पेशी तग धरून आहेत हे त्यावरून मोजता येत नाही. ‘९० टक्के नाही’ हा बातम्यांनी मोठा केलेला आकडा आहे. शिवाय परिणाम शून्य होता असंही नाही. त्याचा बुद्ध्यंक ७५ भरला. सर्वसाधारण सरासरी १०० असते. त्यानं संसार केला, नोकरी केली, हे त्याचं मोठेपण, आणि कोवळ्या मेंदूच्या जुळवून घेण्याच्या ताकदीचंही. पण त्यावरून ‘मेंदूचा बराच भाग फालतू आहे’ असं निघत नाही.

मला विचाराल तर फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं चुकीची केस उचलली. त्याला याहून भक्कम केस मिळाली असती. चीनच्या शानडोंग प्रांतात २४ वर्षांची एक स्त्री चक्कर आणि मळमळ म्हणून रुग्णालयात आली आणि तिला लहान मेंदू जन्मतःच नव्हता असं आढळलं. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात आणि त्यातल्या सुमारे ६९ अब्ज लहान मेंदूत. म्हणजे पेशींची संख्या धरली तर सुमारे ८० टक्के मेंदू नाही! वजन धरलं तर मात्र लहान मेंदू जेमतेम १० टक्के. टक्के कशाचे, वजनाचे, पेशींचे की खर्चाचे, हे ‘१० टक्के’वाल्यांनी कधीच सांगितलेलं नाही. आणि ही स्त्रीसुद्धा सहाव्या वर्षापर्यंत नीट बोलत नव्हती, सातव्या वर्षी आधाराविना चालू लागली, तिचा तोल कधीच पक्का झाला नाही.

उलट बाजूच्या केसेस फॉरवर्डमध्ये कधी येत नाहीत. १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाच्या अपस्मारावर उपाय म्हणून मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आतला काही सेंटीमीटरचा भाग काढला. २००८ मध्ये वारेपर्यंत त्याला नवी आठवण साठवता आली नाही. रोज भेटणारी माणसं रोज नवी. आपल्याकडच्या कुठल्याही वॉर्डात जा, वाटाण्याहून लहान जागेचा रक्तपुरवठा तुटल्यामुळे अर्धं अंग गेलेला रुग्ण भेटेल. ‘तो भाग आम्ही वापरत नव्हतो’ असं त्याच्या घरचे म्हणणार नाहीत.

‘उरलेल्या पेशी झोपलेल्या आहेत, त्या जागवता येतात’

दक्षिण आफ्रिकेतली एक गोष्ट या मुद्द्याला चिकटवली जाते. अपघातानंतर दीर्घकाळ अर्धवट बेशुद्धीत असलेल्या तरुणाला अस्वस्थ वाटतो म्हणून झोल्पिडेम दिलं. हे झोपेचं औषध. तो झोपण्याऐवजी जागा झाला, बोलला. राल्फ क्लाउस आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये ही केस छापली, आणि टेक्निशियम-९९एम हे किरणोत्सारी द्रव्य वापरून केलेल्या स्कॅनमध्ये गोळीनंतर मंद पडलेल्या भागांत रक्तपुरवठा वाढलेला दिसला. थक्क करणारी केस आहे, पण ती जखमी मेंदूची आहे. इजेमुळे दबले गेलेले भाग गोळीचा अंमल असेपर्यंत मोकळे झाले. नंतर अशा ८४ रुग्णांना हेच औषध देऊन पाहिलं तेव्हा स्पष्ट प्रतिसाद दिला चौघांनी. तुमच्याआमच्या मेंदूत ही गोळी काय करते ते औषधाच्या दुकानदारालाही ठाऊक आहे.

एका क्षणी मेंदूतल्या सगळ्या पेशी एकदम संदेश सोडत नाहीत, हे खरं. सोडूही नयेत. मोठ्या संख्येनं त्या एकाच वेळी, एकाच तालात पेटल्या की त्याला आकडी म्हणतात.

आणि वर्षानुवर्षं न वापरलेल्या पेशी मेंदू सांभाळून ठेवतो का? यावरचं सगळ्यात देखणं संशोधन अणुबॉम्बमुळे शक्य झालं. १९५५ ते १९६३ या काळातल्या उघड्यावरच्या चाचण्यांनी हवेतलं कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट केलं. अशा चाचण्यांवर बंदी घालणाऱ्या १९६३ च्या करारानंतर ते उतरत गेलं. झाडांतून अन्नात, अन्नातून आपल्यात ते आलं आणि पेशी जन्मली त्या वर्षीचं प्रमाण तिच्या डीएनएत नोंदलं गेलं. स्वीडनच्या योनास फ्रिसेन यांच्या गटानं मृतांच्या मेंदूतल्या पेशींचं वय त्यावरून काढलं. मोठ्या मेंदूच्या बाह्यकातल्या, म्हणजे बाहेरच्या थरातल्या, चेतापेशी माणसाच्याच वयाच्या निघाल्या: जन्माच्या सुमारास तयार झालेल्या, आयुष्यभर त्याच. हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागात मात्र दर दिवशी सुमारे ७०० नव्या पेशी जन्मतात असा त्यांचा २०१३ चा हिशेब. त्यावर वाद आहे. २०१८ मध्ये दुसऱ्या गटाला प्रौढांत नव्या पेशी सापडल्या नाहीत. वाद या दोन टोकांमध्ये आहे. झोपलेल्या पेशींचं गोदाम कुठल्याच बाजूला निघालेलं नाही.

‘आइन्स्टाईनही हेच म्हणाला होता’

त्याच्या लेखनात असं वाक्य सापडलेलं नाही. पुढे जाऊ.

‘मिडब्रेन जागृत करा’

मिडब्रेन म्हणजे मध्यमस्तिष्क, मेंदूच्या देठाचा वरचा जेमतेम २ सेंटीमीटरचा भाग. डोळे फिरवणं, उजेडात बाहुल्या आकसणं, जागं राहणं आणि हालचाल सुरू करणं यात त्याचा हात असतो. तो बंद असलेलं मूल वर्गाच्या दारापर्यंत चालत येऊ शकत नाही.

तो बंद पडला तर काय होतं हे १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात दिसलं. काही तरुण व्यसनी अचानक थिजले. बोलता येईना, हलता येईना. म्हाताऱ्यांना होणारा कंपवात विशीतिशीत, तोही काही दिवसांत. न्यूरॉलॉजिस्ट विल्यम लँगस्टन यांनी माग काढला: चोरून बनवलेल्या नकली हेरॉइनमध्ये एमपीटीपी नावाची भेसळ होती, आणि तिनं मध्यमस्तिष्कातल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी मारल्या होत्या. तेच विष घेतलेल्या, पण धडधाकट दिसणाऱ्या काही जणांचा फ्लोरिन-१८ लावलेलं डोपा, म्हणजे डोपामिनचा कच्चा माल, टोचून स्कॅन केला गेला, आणि १९८५ मध्ये त्याचा अहवाल आला. लक्षणं नसली तरी त्यांच्या मेंदूत डोपा कमी शोषलं जात होतं. पेशी कमी झालेल्या होत्या, आणि उरलेल्या काम ओढत होत्या. मेंदूत राखीव ताकद असते ती अशी, कामाला लागलेली. ती संपत आली की लक्षणं सुरू होतात.

राहता राहिलं वर्गातलं प्रात्यक्षिक, डोळ्यांवर पट्टी बांधून पत्ते ओळखण्याचं. नाकाच्या दोन्ही बाजूंना पट्टीखाली फट राहते आणि मूल हनुवटी थोडी वर करून तिच्यातून खाली बघतं. फटीत कापूस भरला किंवा पत्ता मांडीजवळ न धरता कपाळासमोर धरला, की वाचन थांबतं.