तिशा बाव: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. (त्या दिवशी एवढंही म्हणता येत नाही, ते पुढे येईलच.)

तिशा बाव, म्हणजे यहुदी आव महिन्याच्या नवमीचा उपास. त्यावरच्या लेखावर आपले आक्षेप थोडक्यात असे: उपासाला 'सण' म्हणणं चूक, दोन हजार वर्षांपूर्वी पडलेल्या इमारतीसाठी (जेरुसलेमच्या मंदिरासाठी) अन्नपाणी सोडणं म्हणजे वैर कुरवाळणं, आजाऱ्यांवर निर्जळी लादणं क्रूरपणा, 'बिरड्याचा रोजा' हे कोकणातल्या बेने इस्रायल यहुद्यांनी या उपासाला दिलेलं नाव मुसलमानांकडून उसनं घेतलेलं, 2022 ची तारीख चुकली, आणि चामड्याचा पट्टा चालतो, मी चालत नाही म्हटलं.

पट्ट्याचं आपलं बरोबर, चूक माझी. बंदी फक्त चामड्याच्या पादत्राणांना आहे. पट्टा, पाकीट, घड्याळाचा पट्टा चालतो. कॅनव्हासचे, रबराचे बूट किंवा प्लास्टिकची चप्पल चालते.

'सण' या शब्दावरून मात्र मी मागे हटणार नाही. बायबलमधल्या यिर्मयाच्या विलापगीतात (1:15) मंदिराच्या नाशाच्या संदर्भात 'मोएद' हा शब्द आलाय, आणि मोएद म्हणजे ठरवलेला दिवस, सणही. त्याच आधारावर रोजच्या प्रार्थनेतली ताहानून ही काकुळतीची प्रार्थना त्या दिवशी गाळतात, जशी ती सणावारी गाळतात. एवढ्या दुःखाच्या दिवशी सणाची ही एक खूण मुद्दाम ठेवलेली आहे. बाकी दिवस सुतकाचाच, हे खरं.

आणि सुतक म्हणून पाहिलं की नियम सुटे सुटे वाटत नाहीत. घरात मृत्यू झाला की यहुदी माणूस सात दिवस जमिनीलगत बसतो, आंघोळ करत नाही, तेल-अत्तर लावत नाही, चामड्याचे बूट घालत नाही, शरीरसंबंध टाळतो. नवमीलाही हेच, वर अन्नपाणी बंद. कुणाला नमस्कार-चमत्कार नाही; न कळून कुणी केलाच तर हळू आवाजात उत्तर द्यायचं. तोराचा, म्हणजे धर्मशास्त्राचा अभ्यासही नाही, कारण त्यात आनंद आहे. विलापगीत, इयोब, यिर्मयातला शोकाचा भाग आणि सुतकाचे नियम वाचता येतात. सकाळी हात धुवायचे ते बोटांच्या पेरांपर्यंत. हाताला घाण लागली तर तेवढी जागा धुता येते, मुलांसाठी स्वयंपाक करतानाही हात धुता येतात.

फरक एकच, पण मोठा. घरचं सुतक दिवसागणिक सैल होतं. हे मात्र घट्ट होत जातं. तम्मूझच्या (आवच्या आधीच्या महिन्याच्या) 17 तारखेपासून तीन आठवडे लग्नं नाहीत, आवच्या पहिल्यापासून शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, सोडून मांस आणि द्राक्षमद्य नाही, मग तो दिवस.

उपासाआधीच्या शेवटच्या जेवणात बरेच जण चुकतात. पोटभर जेवायचं ते दुपारीच. सूर्यास्ताआधीचं शेवटचं जेवण जमिनीवर बसून, आणि त्यात शिजवलेला पदार्थ एकच. अश्केनाझींकडे, म्हणजे मूळच्या मध्य आणि पूर्व युरोपातल्या यहुद्यांकडे, उकडलेलं अंडं, आणि राखेत टेकवलेला पावाचा तुकडा. तोंड नसलेलं गोल अंडं म्हणजे बोलती बंद झालेला शोक. एकच जिन्नस दोन तऱ्हांनी शिजवला तरी ते दोन पदार्थ धरतात. रात्री सिनेगॉगमध्ये (यहुदी प्रार्थनागृहात) दिवे मंद असतात, तोराच्या गुंडाळ्या ठेवलेल्या कोशावरचा पडदा काढलेला असतो, आणि जमिनीवर बसून विलापगीत ऐकतात.

मध्यान्हानंतर खुर्चीवर बसता येतं. मुंबईत त्या दिवसांत ही वेळ पाऊणच्या सुमारास येते. गंमत अशी की तलमुद या यहुदी धर्मग्रंथाप्रमाणे मंदिराला आग लागली ती नवमीच्या संध्याकाळी, आणि ते जळत राहिलं दशमीला. म्हणजे सुतक नेमकं आगीच्या वेळी सैल होतं! क्रोध लाकडा-दगडांवर निघाला, माणसं वाचली, असा त्याचा अर्थ लावतात. दशमीचं जळणं मात्र विसरलेले नाहीत: अश्केनाझी रिवाजात दशमीच्या मध्यान्हापर्यंत मांस वर्ज्यच राहतं.

आता वैराबद्दल. शोक एका इमारतीचा नाही. मिश्नाने (तलमुदाच्या मूळ भागाने) या दिवसाच्या नावावर पाच आपत्ती मांडल्या आहेत. दोन्ही मंदिरांचा नाश आणि बेतार या शहराचा पाडाव त्यांतल्या तीन. दुसरं मंदिर रोमनांनी इ.स. 70 मध्ये जाळलं, पण ते का पडलं याचं तलमुदाचं उत्तर रोमनांकडे बोट दाखवत नाही. लोक आपसांत विनाकारण द्वेष करत होते म्हणून, असं ते सांगतं. याला वैर कुरवाळणं म्हणणं मला पटत नाही.

आजाऱ्यांवर तर हा उपास लादलेलाच नाही. योम किप्पुरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या उपासाला, जिवाला धोका असलेला माणूसही शक्य असेल तर थोडं थोडं खातो: सुमारे 30 मिलिलिटरच्या आत, दर नऊ मिनिटांनी. नवमीला साधा आजारीही मोकळा, आणि त्याला हे मोजमाप नाही. मेजवानी करू नये, इतकंच. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया एरवी धरतात, पण अशक्तपणा किंवा चक्कर वाटली की सोडायचा. इन्सुलिनवर असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. धडधाकट माणसाचे हाल होतात ते बहुधा भुकेपेक्षा चहा-कॉफी तुटल्याने: दुपारी डोकं उठतं. आठवडाभर आधीपासून कप कमी करत न्यावेत, आदल्या दिवशी पाणी दिवसभर पीत राहावं. शेवटच्या दहा मिनिटांत ढोसलेलं लिटरभर पाणी टिकत नाही. लोणचं-पापडही टाळावं.

'रोजा' उसना असेलही, पण बेने इस्रायलांची कोकणातली मराठी अशीच आहे. ते प्रार्थनेला नमाज म्हणत, सिनेगॉगला मशीद. मुंबईतलं त्यांचं 1796 चं शाआर हारहामिम 'जुनी मशीद' म्हणूनच ओळखलं जातं. बिरडं मात्र अस्सल घरचं. वाल रात्रभर भिजवायचे, दिवसभर फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून सोलायचे. घाईने कोरडेच सोलले की डाळिंब्या मोडतात. एरवी जेवण उपासाच्या आधीचं असो की नंतरचं, मांस बंदच. मग वाल नाही तर काय शिजवणार?

राहिली तारीख. 2022 मध्ये आवची नवमी 6 ऑगस्टला होती हे खरं, पण तो शनिवार होता. शब्बाथला शोक करत नाहीत म्हणून उपास रविवारी, 7 ऑगस्टला धरला गेला. योम किप्पुर मात्र शनिवारी आला तरी हलत नाही. अशा शनिवारी अंडं-राख नाही. संध्याकाळी मांसासकट नेहमीसारखं जेवायचं, फक्त सूर्यास्ताआधी संपवायचं. शब्बाथ संपला की बूट काढायचे. हावदाला, म्हणजे शब्बाथ संपवण्याचा विधी, त्यातला दिव्याचा आशीर्वाद तेवढा त्या रात्री म्हणायचा, द्राक्षमद्याचा रविवारी उपास सुटल्यावर.