हस्की घ्यायचाय? आधी पंधरा दिवस पहाटे साडेचारला उठून दाखवा

परवा ह्यांच्या एका मित्राचा फोन आला. "वहिनी, हस्कीचं पिल्लू मिळतंय. निळे डोळे आहेत. घेऊ का?" मी काही बोलायच्या आत पुढचं वाक्य, "एसी आहे की आमच्याकडे, मग काय अडचण?"

हे एसीचं मला गेल्या पाच वर्षांत किमान शंभर जणांनी ऐकवलं असेल. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. आमची बर्फी सायबेरियन हस्की, बर्फाच्या मुलुखातली कुत्री. आम्ही सांगलीत, गावभागात राहतो. आणली मुलाच्या हट्टानं, नाव ठेवलं सासऱ्यांनी, फिरवते मी. घरोघरी मातीच्या चुली.

एसीनं ऊन थांबतं, कुत्र्याचे पाय थांबत नाहीत. हे जनावर मुळात ओढकामाचं. सायबेरियाच्या ईशान्य टोकाला चुकची नावाचे लोक आहेत, त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घसरगाडी ओढायला ही जात घडवली. कमी खायचं, हलकं ओझं ओढायचं आणि लांबवर न थकता जायचं. १९२५ साली अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा वीस गाडीवान आणि दीडशेच्या आसपास कुत्र्यांनी आळीपाळीनं औषध पोचवलं. हजार किलोमीटरच्या वर अंतर, साडेपाच दिवसांत, हाडं गोठवणाऱ्या थंडीत. त्या कुत्र्यांचं रक्त बर्फीत आहे आणि ती राहते आमच्या दीड खोल्यांच्या पुढच्या सोप्यात. आपल्याकडच्या माणसाला समजेल असं सांगायचं तर शर्यतीचा खिलार आणायचा, एसीत बांधायचा, वर म्हणायचं, "बघा, कसा गारव्यात ठेवलाय."

पळवायचं म्हटलं तर कधी पळवणार? एप्रिल-मे मध्ये सांगलीत चाळिशीला टेकलेलं ऊन असतं. सकाळी सातला कृष्णेच्या घाटाचे दगड तापायला लागतात आणि रात्री नऊला डांबरातनं वाफ येत असते. उरते पहाट. पावणेपाचला आम्ही दोघी आयर्विन पुलावरनं सांगलीवाडीकडे निघतो आणि सव्वासहाला घरात. एक दिवस चुकला तर ती त्याची वसुली करते. पहिल्या उन्हाळ्यात मला मलेरिया झाला आणि चार दिवस फिरणं बंद होतं. त्या चार दिवसांत सोफ्याचं एक अंग, सासूबाईंची जपमाळेची पिशवी आणि परसातली कढीपत्त्याची कुंडी गेली. कुत्री वाईट नाही हो. तिला काम नव्हतं.

विजेचा हिशोब पण ऐका. दीड टनाचा एसी तासाला साधारण सव्वा-दीड युनिट खातो. दिवसाला बारा तास धरले तर महिन्याला साडेचारशे-पाचशे युनिट नुसते तिचे, आणि वरचा स्लॅब लागतो तो वेगळाच. शिवाय लाईट जाते. मे महिन्यात दुपारी दोनला लाईट गेली की मी सगळी कामं टाकून ओला टॉवेल आणि पाण्याची बादली घेऊन तिच्याजवळ बसते.

आणखी एक. लोक उन्हाला भितात, मी जूनला भिते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकायच्या, तोंडातला ओलावा उडाला की रक्त थंड होतं, एवढीच त्याची सोय. हवा दमट असली की तो ओलावाच उडत नाही. पावसाच्या आधीचे ते चिकट आठ-दहा दिवस असतात ना, ढग दाटलेले, वारा पडलेला, त्या दिवसांत बर्फीनं मला एकदा घाम फोडलाय. दुपारी अंगणात फार तर वीस मिनिटं खेळली असेल. धाप थांबेना, लाळ दाट झाली, हिरड्या लालभडक, मागचे पाय लटपटायला लागले. ताप मोजला तर १०५ च्या वर. कुत्र्याचा नेहमीचा १०१ ते १०२.५ असतो. पोटावर, जांघेत, पायांवर साधं पाणी ओतत राहिलो, समोर पंखा लावला आणि तसंच ओल्या अंगानं रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेली. वाचली. ओला टॉवेल अंगावर झाकून ठेवू नका, आतली ऊब कोंडते, हे त्या दिवशी शिकले.

केस काढून टाकायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देणारच. दुसऱ्या उन्हाळ्यात आम्हीही ऐकला होता. एका ठिकाणी नेऊन मशीन फिरवून आणली. तिच्या अंगावर दोन थर असतात. आतला मऊ, वरचा राठ. तो वरचा थर ऊनही अडवतो. तो गेल्यावर पाठीची कातडी लाल झाली आणि केस परत आले ते ठिगळं लावल्यासारखे. नीट व्हायला वर्ष गेलं. करायचं असतं ते एवढंच की आतला थर सुटायला लागला की रोज विंचरायचं. वर्षातनं दोनदा तो असा सुटतो की एका बैठकीत पिशवी भरते. आमटीत, भाकरीत, देव्हाऱ्यातल्या समईत, सगळीकडे बर्फी. सासूबाई आता बोलायच्याही बंद झाल्यात, चिमटीनं केस काढतात आणि जेवतात.

त्याच दाट केसांत गोचीड लपतात. आपल्याकडे गल्लीत गाई-म्हशी आहेत, गोचीड येणारच. एकदा खाणं सोडून कोपऱ्यात पडली, रक्त तपासलं तर पेशी कमी. डेंग्यूचा अनुभव असलेल्या घरात 'पेशी' म्हटलं की सगळे उठून बसतात! महिनाभर गोळ्या चालल्या. आणि नाकाभोवती, डोळ्यांभोवती खपल्या धरल्या होत्या, ते आम्ही बुरशी समजून मलम लावत बसलो. शिरवळच्या जनावरांच्या डॉक्टरकीच्या कॉलेजात शिकलेल्या एका तरुण डॉक्टरनं बघितल्या बघितल्या विचारलं, "खायला काय घालता?" चपाती, भात, दूध. या उत्तरेकडच्या जातींत काहींना झिंक नीट पचत नाही आणि त्यात नुसतं धान्य घातलं की आणखी कमी पडतं. खाणं बदललं, गोळ्या सुरू केल्या, महिन्याभरात चेहरा साफ. उरलंसुरलं घालून वाढणारं हे कुत्रं नाही.

राखणीचं म्हणाल तर विसरा. मागच्या दिवाळीत परसातनं पाण्याची मोटर गेली. समोरच्या घरातल्या कॅमेऱ्यात दिसतंय, चोर मोटर सोडवतोय आणि आमची बर्फी शेजारी बसून शेपूट हलवतेय. भुंकत नाही, गाते. पहाटेचा भोंगा वाजला की मान वर करून असा सूर लावते की गल्लीतली निम्मी माणसं तिच्यावर उठतात, उरलेली निम्मी तिच्या नावानं बोटं मोडतात.

आणि मोकळं सोडायचं नाही. कधीच. हाक मारल्यावर येणं हा तिच्या दृष्टीनं विचाराधीन मुद्दा असतो. एकदा सांगलीवाडीत पट्ट्यातनं मान काढून पळाली, तासाभरानं सापडली तेव्हा एका मावशींच्या तीन कोंबड्या गेल्या होत्या. पैसे दिले, पाया पडले. मावशी म्हणाल्या, "पैशाचं राहू दे गं, एक खुडूक बसली होती." ते अजून मनाला लागून आहे.

पिल्लू घेताना आम्ही काहीच विचारलं नव्हतं. विकणाऱ्यानं "इथं सेट झालेलं ब्रीड आहे" म्हणून सांगितलं आणि पस्तीस दिवसांचं पिल्लू हातात ठेवलं. २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, आणि पैदास करणाऱ्यानं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते. हे मला नंतर कळलं, पार्व्हो म्हणजे पिल्लांना होणाऱ्या उलट्या-जुलाबाच्या आजारात सलाईनवर ती सहा दिवस काढत होती तेव्हा. आई दाखवा म्हणा. दाखवत नसतील तर चप्पल घाला आणि निघा.

२०२१ च्या जुलैत कृष्णेचं पाणी चढायला लागलं. सामान माळ्यावर टाकून आम्ही मिरजेला नणंदेकडे निघालो. नणंद म्हणाली, "तुम्ही सगळे या, कुत्रं नको, पोराला दमा आहे." तिचं काही चुकलं नव्हतं. मुलगा आणि हे बर्फीला घेऊन ओळखीच्या एका गोडाऊनमध्ये पाच रात्री हळदीच्या पोत्यांवर झोपले. आपल्या घरात पाणी आलं तर हिला कोण ठेवून घेईल, हा प्रश्न सांगलीत राहणाऱ्यानं पिल्लू घ्यायच्या आधी विचारावा.

"मग मुधोळ घेऊ का?" असंही विचारतात. मुधोळ म्हणजे शिकारी कुत्रं, आपल्या शेजारचं, उन्हातलं, केसानं तोकडं, जतकडच्या माळावर बघा कसं पळतं. पण तेही पळायलाच जन्मलेलं आहे, फ्लॅटच्या गॅलरीत बसायला नाही. गल्लीतलं देशी पिल्लू उचला की. पण त्याचे डोळे निळे नसतात, खरी अडचण तिथंच आहे.

बर्फीवर माझा जीव आहे. ती मला सोडून कुठं जाणार नाही आणि मी तिला देणार नाही. पण परत घेशील का विचाराल तर नाही घेणार.

ह्यांच्या मित्राला मी एवढंच म्हटलं, "भावजी, पंधरा दिवस पावणेपाचला घाटावर या, बर्फीला तुम्ही फिरवा. सोळाव्या दिवशी मी स्वतः तुमच्याबरोबर पिल्लू बघायला येते." पहिल्या दिवशी आले, दोरी हातात घेतली आणि पुलापर्यंत अक्षरशः ओढत नेले गेले. दुसऱ्या दिवशी खांद्याला बाम लावून आले. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला फोन.

"वहिनी, पॉमेरेनियन कसा असतो हो?"

तोही त्याच खानदानातला, दोन थरांच्या केसांचा. पण ते त्यांना अजून सांगितलं नाही.