कुंदाप्पा

आमच्या घरात पुरुष चार. सासरे, नवरा, मुलगा आणि ससा. त्यातला चावणारा एकच, खरं तोही आला तेव्हा बाई म्हणून आला होता.

(इथलं 'खरं' म्हणजे 'पण'. बेळगावच्या मराठीत 'खरं'चा खऱ्याशी संबंध असेलच असं नाही. पुण्याची माझी जाऊ पंधरा वर्षं झाली तरी गोंधळते.)

डिसेंबरातल्या एका शनिवारी खडेबाजारात मुलानं हट्ट धरला. पिंजरेवाल्यानं सशाला कानाला धरून वर काढलं आणि एका दमात सांगितलं, "घ्या की बाई. फिमेल हाय, गरीब हाय, चावत न्हाई." पाच महिन्यांनी ही तिन्ही वाक्यं एकदमच खोटी पडली.

मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. सशाला २८ दात असतात, वरच्या पुढच्या दोन दातांच्या पाठीमागे आणखी दोन बारके दात दडलेले असतात आणि हे सगळे दात जन्मभर वाढत राहतात, हे मी फळ्यावर चित्र काढून समजावलेलं आहे. नर की मादी कसं बघायचं तेही पुस्तकातून माहीत होतं. खरं बाजारात हातात भाजीची पिशवी असली की मी शिक्षिका नसते, गिऱ्हाईक असते. वीस रुपये कमी झाले या आनंदात मी सशाला उलटा करून बघायचं विसरले.

रंग खरपूस आटवलेल्या दुधाचा, आमच्या इथल्या कुंदा या मिठाईसारखा, म्हणून नाव ठेवलं कुंदा. बेळगावात दुसरं काय सुचणार? अडचण एवढीच, की नात्यातल्या एका आत्यांचंही नाव तेच. त्या एकदा न सांगता आल्या, उंबऱ्यात चप्पल काढत होत्या आणि आतून मुलगा ओरडला, "आई, कुंदानं परत गादीवर केली!" आत्या चहा न घेता गेल्या. अजून आलेल्या नाहीत.

लिंगाच्या बाबतीत तशी आमची बोली पहिल्यापासून ढिली. इथल्या बायका सर्रास "मी जातो", "मी करतो" म्हणतात. मीही लिहिताना 'गेले' लिहिते, घरात 'गेलो' म्हणते. त्यामुळं कुंदा 'तो' की 'ती', यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं.

मे उजाडला आणि कुंदा सासऱ्यांच्या पायांभोवती फिरायला लागली. गोल गोल, नाकातून हुं हुं आवाज काढत. मामांना गहिवरून आलं. "बघ की सूनबाई, कपिलेश्वराच्या देवळात फिरल्यागत फिरायलंय. मागच्या जन्माचं कायतरी हाय बघ." मी भाकरी थापत होते. हे कसल्या भक्तीचं लक्षण आहे ते मला ठाऊक होतं. दहावीच्या पोरांना प्रजननसंस्था न अडखळता शिकवणारी मी, सासऱ्यांसमोर तव्यावरची भाकरी उलटत गप्प बसले. ती करपली.

मग हनुवटी घासणं सुरू झालं. सशाच्या हनुवटीखाली गंधाच्या ग्रंथी असतात. ज्या वस्तूवर हनुवटी घासली ती त्याची. उताऱ्यावर नाव चढवावं तसं त्यानं आठ दिवसांत कपाटाचा पाय, मुलाचं दप्तर, माझ्या तपासायच्या पेपरांचा गठ्ठा आणि मामांची काठी आपल्या नावावर करून घेतली. माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधली फरशीची पट्टी ही हद्द ठरली. सीमाप्रश्नावरचे विनोद आम्ही बेळगावकर करत नाही, ते बाहेरच्यांनी करावेत. एवढंच सांगते की १९५६ पासून आमच्या तीन पिढ्या हद्दीबद्दल बोलत आल्यात, खरं हद्द ओलांडली म्हणून पोटरीचा लचका मी पहिल्यांदाच सोसला.

ससा चावतो म्हणजे काय, हे ज्याला चावलेला नाही त्याला सांगून पटत नाही. कुत्रा आधी गुरगुरतो, मांजर फिस्कारतं, बैलसुद्धा शिंगं खाली घेतो. हा पठ्ठ्या कान पाठीला चिकटवतो, पुढचे दोन पाय एकदम आदळतो आणि तुम्ही "अले माझं सोनं" म्हणेपर्यंत काम उरकलेलं असतं. अंगठ्याच्या मांसल भागावर दोन छोट्या आडव्या चिरा, नवीन ब्लेडनं काढल्यासारख्या. क्षणभर त्या पांढऱ्याच दिसतात. तुम्ही वाकून बघता आणि मग रक्त येतं. सशाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, त्यामुळं मागचंसुद्धा त्याला दिसतं, खरं नाकाच्या अगदी पुढ्यातलं दिसत नाही. आपण प्रेमानं नाकासमोर हात नेतो आणि त्याच्या लेखी तो हात आभाळातून पडतो. हे कारण मला चावण्याआधीही माहीत होतं. माहिती असल्यानं दुखणं कमी होत नाही, एवढी नवीन माहिती मिळाली.

टीटी घ्यायला दवाखान्यात गेले. तिथल्या मुलीनं विचारलं, "काय चावलं?"

"ससा."

तिनं पेन खाली ठेवलं. "मोला?" तिनं कन्नडमध्ये विचारलं, मराठीत माझ्याकडून काही चूक झाली असेल म्हणून. मी मान हलवली. आतल्या डॉक्टरांपर्यंत हसू पोचलेलं मला पडद्याच्या हलण्यावरून कळलं. दुसऱ्या दिवशी वर्गात पट्टी बांधून उभी राहिले तर मागच्या बाकावरून सहानुभूतीनं, "साप काय वो बाई?" खरं उत्तर दिलं आणि तो तास वाया गेला.

घरी मात्र सगळे कुंदाच्या बाजूनं. "तूच काय तरी केली असशील," मामा म्हणाले. "मुकं जनावर हाय ते." आमचे हे म्हणाले, "तू पिंजरा साफ करतीस न्हवं, ते त्याला आवडत नाही." मुलगा म्हणाला, "आई, तुझ्या हाताला कांद्याचा वास येतोय." पिंजरा मी साफ करायचा, पिंजर (भाताचं काड) मी वाळवायचं, मेथी मी निवडायची, आणि ज्यांनी आयुष्यात त्याची एक लेंडी उचलली नाही त्यांना तो एकदाही चावलेला नाही, याचं श्रेय त्यांच्या स्वभावाला. आमच्या वडगावात रात्री उशिरापर्यंत शेजारच्या मागांचा खटखटाट असतो. तो थांबला की दोन वाजता कुंदा मागचा पाय फरशीवर आपटायला सुरुवात करायची, धप्प, धप्प. मी उठून बसायचे. तिघं घोरत असायचे.

शेवटी जनावरांचा डॉक्टर शोधला. पहिल्या ठिकाणी "ससा होय? म्हैस असली तर घेऊन या" असं उत्तर मिळालं. दुसरे डॉक्टर तरुण होते, कन्नडभाषक, मराठीही छान बोलणारे. त्यांनी कुंदाला टॉवेलात गुंडाळलं, अलगद उलटं केलं, चष्मा वर सरकवला आणि सहज मातृभाषेत निकाल दिला, "गंडु ऐती, मेडम."

कन्नडमध्ये गंडु म्हणजे नर. सातवीतल्या आमच्या चिरंजीवांना वेगळंच ऐकू आलं आणि ते खोकत बाहेर गेले.

पुढची अडचण म्हणजे नर आहे तर पुरावा कुठाय? नराला तो पोटात ओढून घेता येतो, सशामध्ये ती वाट जन्मभर उघडी राहते. डॉक्टरांनी पोटाला हलकेच दाबल्यावर ऐवज हजर झाला. मामा कौतुकानं म्हणाले, "शाना हाय." त्या दिवसापासून कुंदाचा कुंदाप्पा झाला.

डॉक्टर म्हणाले, वयात आलाय, म्हणून गोल फिरणं, हद्द राखणं, चावणं. निर्बीजीकरण करून घ्या, बराच फरक पडेल.

घरी बैठक बसली. तशी बैठक आमच्याकडे शेत विकताना बसली होती, त्यानंतर हीच. मामा येळ्ळूरचे, भाताच्या शेतात हयात गेलेली. खोंड खच्ची करताना त्यांनी स्वतः दावं धरलंय, डोळ्याची पापणी न लववता. तेच मामा आता धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत म्हणाले, "बैलाची गोष्ट वेगळी. त्याला औत ओढायचं असतंय. ह्यो बिचारा काय ओढणार हाय?" आमच्या ह्यांना तो शब्दच उच्चारवेना. "त्याचं ते करायचं म्हणजे... त्याला कसं वाटंल, याचा विचार केलास काय?" मुलगा दोघांकडे आळीपाळीनं बघत, न सांगता मांडी घट्ट घालून बसला. तिघांचे चेहरे असे, की ऑपरेशन नक्की कुणाचं आहे असा प्रश्न पडावा.

आता हे लिहावं की नको? लिहिते. दुसऱ्या बाळंतपणानंतर माझं ऑपरेशन झालं तेव्हाही घरात चर्चा झाली होती. विषय होता, दवाखान्यात डबा कोण नेणार. मला कसं वाटेल हा मुद्दा कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्रियांची नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुषांची ०.३ टक्के. हे आकडे मी बैठकीत तोंडपाठ म्हणून दाखवले. मामा उठून देवघरात गेले. ह्यांनी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन लावला, "ते... सशाचं ते करायचं होतं की वो." तिकडून "काय करायचं होतं?" असं तीनदा आलं, तेव्हा फोन माझ्याकडे दिला.

तारीख आषाढातली मिळाली. बेळगावचा आषाढ म्हणजे वाळत घातलेला टॉवेल तीन दिवस ओला. पिंजर वाळेना, मी ते तव्यावर शेकवून देत होते. ऑपरेशनच्या आदल्या रात्री मामांनी त्याच्यापुढची वाटी काढून घेतली. "उपाशी पोटी न्यायचं असतंय. माझं हर्नियाचं झालं तवा पाणीबी दिलं न्हाई." मी वाटी परत ठेवली. सशाला उलटी होतच नाही, शरीराची रचनाच तशी, म्हणून त्याला कुत्र्यामांजरासारखं उपाशी ठेवत नाहीत. उलट पोट रिकामं राहिलं तर आतडी थांबतात आणि जिवावर बेततं. मामा बराच वेळ विचार करत होते. "उलटीच येत न्हाई? मग त्याला एस्टीनं घाटातून न्यायला हरकत न्हाई."

सशाला भुलीचा धोका कुत्र्यामांजरापेक्षा जास्त, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. त्यामुळं बाहेरच्या बाकावर आमचे हे आणि मामा असे बसले होते की जाणारे-येणारे थांबून "आत कोण हाय?" विचारत. पाऊण तासानं कुंदाप्पा टॉवेलात गुंडाळून बाहेर आला, नाक हलत होतं. मामांनी खिशातून दुर्वा काढल्या. संकष्टीला मोजून एकवीस खुडणारा हा माणूस, त्यानं मूठभर आणल्या होत्या.

डॉक्टरांची सूचना एकच: खातोय का आणि लेंड्या पडतात का, हे बघत राहा. मी शाळेत, म्हणून काम ह्यांच्याकडे. बँकेतून रजा काढून माणूस पिंजऱ्यासमोर बसला. तिसऱ्या तासाला फोन. मी घाईत कानाला लावला तो स्पीकरवर लागला आणि सगळ्या स्टाफरूमनं ऐकलं, "अगं, अठरा झाल्या! टपोऱ्या हायत!" गणिताचे सर उठून म्हणाले, "अभिनंदन मॅडम. काय झालं?"

फरक लगेच पडत नाही. रक्तातले हार्मोन उतरायला महिना-दीड महिना जातो, आणि नर तेवढे दिवस बाप होऊ शकतो म्हणून मादीपासून लांब ठेवायचा. त्या दीड महिन्यात मला आणखी दोनदा चावला. एकदा तर सदिच्छेनं चावला असावा, सवय मोडू नये म्हणून. मग गणपती आले. त्या धांदलीत एका संध्याकाळी लक्षात आलं, मी हद्दीच्या पट्टीपलीकडे उभी राहून नारळ खवतेय आणि कुंदाप्पा माझ्या पावलावर डोकं टेकून पसरलाय. मी दहा मिनिटं हललेच नाही. कौतुकानं नव्हे. भीतीनं.

मामा आता आल्यागेल्याला सांगतात, "मीच म्हणलो, करून घ्या म्हणून." चावणं थांबलंय असं मी म्हणणार नाही, वाटीत कुणी हात घातला तर अजून पुढचे पाय आदळतो. परवा ह्यांच्या बोटाला निसटता लागला. मी टीटीचं कार्ड शोधत म्हटलं, "तुम्हीच काय तरी केला असशिला."

दसऱ्याच्या आधी डॉक्टर म्हणाले, ससा एकटा राहणारा प्राणी नाही, आता मादी आणायला हरकत नाही. मुलाला तेवढंच हवं होतं. परत शनिवार, परत खडेबाजार, परत तोच पिंजरेवाला. "घ्या की बाई. फिमेल हाय, गरीब हाय..."

मी भाजीची पिशवी मुलाकडे दिली. चष्मा लावला. पांढऱ्या पिल्लाला डाव्या हाताच्या तळव्यावर पाठीवर झोपवलं, मोबाइलचा उजेड लावायला मुलाला सांगितलं आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी हलकेच दाबून बघितलं. गोल असेल तर नर, चीर असेल तर मादी. पिंजरेवाला "अहो बाई, अहो बाई" करत होता. लोक थांबायला लागले होते. नीट दिसेना म्हणून मी पिल्लू आणखी जवळ घेतलं, नाकाजवळ, आणि तेवढ्यात पाठीमागून कुणीतरी अदबीनं म्हणालं, "नमस्कार बाई. आमचा पोरगा तुमच्याच वर्गात हाय. काय बघायल्यासा?"