रंग दिला नाही, कारण कारखान्याचा रंग अजून शिल्लक आहे

नमस्कार साहेब,

तुमचा अभिप्राय वाचला. एक स्टार दिलात आणि लिहिलंत की १९६८ ची फियाट आमच्या सल्ल्याने घेतली, दिवाळीच्या आधी आमच्या गॅरेजला दिली ती संक्रांत उलटल्यावर मिळाली, बिल भरलं आणि गाडी होती तशीच परत आली. रंग नाही, सीट नवीन नाहीत, आणि लग्नाला भाड्याने द्यायचा विषय काढला तर त्यालाही आम्ही नाही म्हणालो. जुनी गाडी घ्यायच्या विचारात असलेले बरेच जण हे वाचणार, म्हणून सविस्तर लिहितो.

गाडी होती तशी परत गेली नाही. गडहिंग्लजहून ती टेम्पोत चढवून आणली होती आणि जाताना तुम्ही स्वतः चालवत नेलीत. मधल्या काळात झालेलं काम वरून दिसत नाही, पण बिल त्याचंच आहे. इंजिन जाम होतं. बॅटरी लावून स्टार्टर मारला असता तर पिस्टनच्या रिंगा तुटल्या असत्या. म्हणून प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये तेल सोडलं, मुरू दिलं आणि मग पुलीला पाना लावून हाताने थोडं थोडं फिरवत सोडवलं. टाकीच्या तळाला जुन्या पेट्रोलचा डिंक धरला होता. तो काढला आणि पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदलले, कारण आता पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल असतं आणि त्या काळचं रबर त्याला टिकत नाही.

सगळ्यात जास्त वेळ ब्रेकने घेतला. या गाडीत ब्रेकची एकच लाइन चारही चाकांना जाते. एक होज, म्हणजे ब्रेक ऑइलची रबरी नळी, फुटला की पेडल सरळ खाली, चारही ब्रेक गेले. तिथे जुनं जपायचं म्हणून आम्ही काही ठेवत नाही. होज, रबर किट, टायर सगळं नवीन. चाकाजवळ ब्रेक दाबणारे व्हील सिलिंडर मात्र मूळचे होते, नुसते आतून गंजलेले. ते टाकून न देता इथे कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर बोअर करून स्टेनलेसच्या स्लीव्ह बसवून घेतल्या. चांगल्या हाताच्या लेथवाल्याकडे नंबर लावावा लागतो. संक्रांत त्यात गेली, आणि हे तुम्हाला तेव्हाही फोनवर सांगितलं होतं.

आता रंगाचं. तुमची फियाट ११०० डिलाइट दुर्मिळ गाडी नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात ती बनली, पुढे पद्मिनी नावाने तीच बॉडी आणि तेच १०८९ सीसीचं इंजिन २००० च्या आसपासपर्यंत चाललं. दार, बॉनेट, बंपर आजही शोधलं की मिळतं. पण कुर्ल्यातून निघाली त्याच रंगात, त्याच रेक्झिनमध्ये उभी असलेली डिलाइट किती जणांनी पाहिली असेल? बहुतेक गाड्यांना दोन-तीनदा तरी रंग बसलेला असतो. तुमच्या गाडीला एकदाही नाही. डिकीच्या आत, मागच्या सीटखाली, दाराच्या बिजागरीपाशी आणि वर छतावर आम्ही मीटर लावून जाडी मोजली. कुठेही पुटी, म्हणजे खड्डे बुजवायचा लेप नाही, रंगाचा दुसरा थर नाही. ड्रायव्हरच्या बाजूच्या काचेखाली जो डाग तुम्हाला खटकतो, तिथे पन्नास वर्षं कोणीतरी कोपर टेकवून गाडी चालवलेली आहे. रंग झिजून प्रायमर उघडा पडलाय आणि कडेला तो हळूहळू विरळ होत गेलाय. असा डाग कुठलाही पेंटर काढून देऊ शकत नाही.

तुम्ही सांगितलेलं काम म्हणजे पत्रा उघडा होईपर्यंत घासायचं, पुटी भरायची आणि टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा रंग देऊन वर लॅकरचा पारदर्शक थर. गाडी चमकली असती. पण कारखान्याच्या स्पॉट वेल्डच्या खुणा आणि छताच्या पन्हळीतलं मूळ सीलिंग गेलं असतं. रंग उद्याही देता येतो, दहा वर्षांनीही देता येतो. एकदा घासलेला मूळ रंग जगात कुठेही परत मिळत नाही. म्हणून आम्ही साध्या पाण्याने धुऊन, अगदी बारीक कंपाउंड हाताने फिरवून वरची पांढरट पूड तेवढी काढली आणि मेण दिलं. मशीन लावलं नाही, कारण त्या काळच्या रंगावर लॅकरचा थर नसतो, बफिंगला थेट रंगच निघतो. खालून सुटा गंज खरवडून मेणाचं गंजरोधक मारलं. फ्लोअरचा पत्रा टोचून पाहिला, पक्का आहे. तो कापायचं कारणच नाही. सीटचं उसवलेलं रेक्झिन आतून पट्टी देऊन शिवलं, तुम्ही बसून पाहिलंत.

तुम्हाला आधी आवडलेली ती चकचकीत लाल गाडी आठवते का? तिच्या दाराच्या खालच्या भागाला लोहचुंबक चिकटत नव्हतं, एवढी पुटी. हेडलाइटच्या मागे आणि दाराच्या पोकळीत बारीक गाळ होता. २०१९ ला पंचगंगेचं पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४३ ची. त्या पुरात शहरात गाड्या दिवसच्या दिवस पाण्यात होत्या, आणि त्यातल्या काही नवा रंग लेवून आजही विकायला येतात. तुम्हाला तिथून उठवून आम्ही या मळक्या गाडीपाशी नेलं ते याचसाठी. हिच्यात काही झाकलेलं नाही.

भाड्याचं म्हणाल तर तो नियम आमचा नाही. केंद्राने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपात असलेली, चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी त्यात बसते. तिला ‘व्हीए’ मालिकेचा वेगळा नंबर मिळतो, नोंदणी १० वर्षांची असते. ती धंद्यासाठी किंवा रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठी आणता येते. साध्या पांढऱ्या पाटीवरही भाडं मारता येत नाहीच. नुसत्या रंगाने हा हक्क जाईल असं मी म्हणत नाही. पण एकदा पत्रा कापायला सुरुवात झाली की मूळ रूप कुठे संपलं हे सांगणं अवघड होतं, आणि तुमच्या यादीत नवीन इंजिनही होतं.

गाडी तुमची आहे. तरीही रंग द्यायचाच असेल तर कोल्हापुरात उत्तम पेंटर आहेत, त्यांच्याकडे जा. आम्ही मात्र हे काम हातात घेणार नाही, आणि हे गाडी घेतानाच तुम्हाला सांगितलं होतं. रंगाला देण्याआधी एक करा. घरच्या कोणाला तरी, शक्यतो वडीलधाऱ्यांना, गाडी उन्हात उभी करून दाखवा.

काढलेले सगळे जुने पार्ट चिठ्ठ्या लावून पेटीत ठेवलेत, कामाचे फोटोही आहेत. ते तुमचे आहेत, घेऊन जा. मृगाच्या आधी गाडी एकदा आणा. टाकी साफ केल्यावर पहिले काही महिने फिल्टरमध्ये घाण येते, तो बदलून कार्ब्युरेटर बघू. त्याचे पैसे घेणार नाही. आणि तुम्ही घातलेलं प्लॅस्टिकचं कव्हर आजच काढा. आपल्या पावसात त्याच्या आत पाणी सुटतं. सुती कव्हर घाला, बॅटरीची वायर काढून ठेवा.