खुलासा : ‘जगातले ७५ टक्के कीटक संपले’ असं त्या निबंधात म्हटलेलं नाही

‘२७ वर्षांत जगातले ७५ टक्के कीटक नष्ट झाले, हजारो शास्त्रज्ञांनी या संशोधनाचा संदर्भ दिलाय’ असा मजकूर पुन्हा फिरतोय. शोधनिबंध खरा आहे. कॅस्पर हॉलमन आणि सहकाऱ्यांचा, ‘प्लॉस वन’ या विज्ञान-नियतकालिकात ऑक्टोबर २०१७ला आलेला. निष्कर्ष मात्र वेगळा आहे.

मोजणी फक्त जर्मनीतल्या ६३ संरक्षित जागांवर झाली, १९८९ ते २०१६ या काळात. तंबूसारखी जाळी उभारायची. उडते कीटक तिला धडकून वर चढतात आणि अल्कोहोलच्या बाटलीत पडतात. अल्कोहोल निथळून त्या ओल्या ढिगाचं वजन करायचं. जर्मनीतल्या क्रेफेल्ड शहरातल्या हौशी कीटक-अभ्यासकांनी हे वर्षानुवर्षं चिकाटीनं केलं, आणि त्यांचं मोल मोठं आहे. घटलं ते हे वजन, तीन चतुर्थांशाहून जास्त. किती जाती संपल्या, हे वजनावरून कळत नाही. शिवाय निम्म्याहून अधिक जागांवर मोजणी प्रत्येकी फक्त एका वर्षी झाली होती.

आता संदर्भांचं. संदर्भ देणं म्हणजे दुजोरा देणं नव्हे. शंका घेणारा निबंधही त्याच आकड्यात मोजला जातो. २०२० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात रोएल व्हॅन क्लिंक यांच्या गटानं १६६ दीर्घकालीन पाहण्या एकत्र केल्या. जमिनीवरच्या कीटकांत दशकाला सुमारे ९ टक्के घट आढळली, गोड्या पाण्यातल्या कीटकांत ११ टक्के वाढ. त्यावरही आक्षेप आले.

घट खरी आणि गंभीर आहे. म्हणूनच पुढे पाठवताना ‘जगातले’ खोडून ‘जर्मनीतल्या ६३ जागांवरचे’ आणि ‘कीटक’ऐवजी ‘उडत्या कीटकांचं वजन’ असं लिहा.