मामा म्हणायच्या आधी विचार कर बे

शनिवारी संध्याकाळी सोलापुरात कन्ना चौकाजवळच्या आपल्या कट्ट्यावर जे झालं ते लगेच लिहून ठेवतोय. संदीप नंतर नाकबूल करणार, खात्री आहे.

ठिणगी पडली बँकेत. काउंटरवरची पोरगी त्याला "काका, टोकन घ्या" म्हणाली. वय बेचाळीस, डोक्यावरच्या परिस्थितीबद्दल विचारू नका. पुण्याहून दोन दिवस आलेला माणूस, दोन्ही दिवस तेच दळण.

"अनोळखी माणसाशी नातं जोडायचं कशाला? पासबुकावर नाव आहे ना? नावानं बोलवा. स्वीडनमध्ये..."

आलंच स्वीडन. कंपनीनं तीन महिने तिकडं काय पाठवलं, तेव्हापासून सिद्धेश्वर तलाव बघितला तरी याला तिकडचं तळं आठवतं. पण या वेळची गोष्ट ऐकण्यासारखी होती. तिथं पूर्वी समोरच्याला सरळ 'तुम्ही' म्हणायचीही पंचाईत. हुद्दा लावून तिसऱ्याच माणसाबद्दल बोलल्यासारखं बोलायचं. 'डायरेक्टरसाहेब कॉफी घेणार का?' हे खुद्द डायरेक्टरलाच विचारायचं. १९६७ साली ब्रोर रेक्सेड नावाचा माणूस तिथल्या वैद्यकीय खात्याचा प्रमुख झाला आणि आल्या आल्या त्यानं जाहीर केलं, मी इथं सगळ्यांना नावानं हाक मारणार. काही वर्षांत अख्खा देश 'दू'वर आला. 'दू' म्हणजे तू.

"ते तुझं जुनं स्वीडन आमच्या कारखान्यात होतं की बे," मल्लू म्हणाला. "मालक समोर उभा, आणि आमचा अप्पा त्यालाच विचारायचा, 'मालकांनी चहा घेतला का?' विमानाचं तिकीट फुकट घालवलास."

मल्लू घरी कन्नड, मागावर तेलुगू, आमच्यात मराठी बोलतो आणि शिवी खास दखनीत देतो. त्यामुळं या विषयात त्याच्या नादी लागू नये हे संदीपला कळायला पाहिजे होतं.

"पण ते काका, मामा, अण्णा म्हणजे मागासलेपणा आहे," संदीप म्हणाला.

"अण्णा म्हणजे कन्नडमध्ये थोरला भाऊ. अक्का म्हणजे थोरली बहीण. बाराव्या शतकात जातपात मोडायला निघालेली माणसं, त्यांना लोक काय म्हणाले? बसवण्णा. अक्कमहादेवी. श्रीयुत बसव नाही म्हणाले." मग जरा थांबून, "आणि आपले सिद्धरामेश्वर? अभंगाच्या शेवटी 'तुका म्हणे' येतं. वचन म्हणजे त्यांचं कन्नड कवन, त्याच्या शेवटी सिद्धराम स्वतःचं नाव घालत नाहीत. 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुना' म्हणतात. हाक आहे ती. सहीच्या जागी देवाला हाक मारून ठेवलीय."

यावर कुणी काही बोललं नाही. रफिकनं तेवढ्यात आपलं दुःख मांडून घेतलं. त्याचं फ्लेक्सचं दुकान आहे. "मराठीत 'मित्रांनो'वर टिंब पाहिजे, हिंदीत 'मित्रो'वर नको. गिऱ्हाईक बरोबर उलटं लिहून आणतं. दुरुस्त केलं तर म्हणतं, टिंबाचे पैसे कमी कर."

मग व्यंकटेशनं जुनी फाईल काढली. त्याच्या बहिणीच्या लग्नाची. त्या मांडवात जो तो एकमेकांना "बावा, बावा" करत होता. संदीपला वाटलं, आपल्या 'भावा'सारखंच असेल. उत्साहानं व्यंकटेशच्या गळ्यात हात टाकून, चारचौघांत, मोठ्यांदा: "काय बावा!"

तेलुगूत बावा म्हणजे मेहुणा. बहिणीचा नवरा, बायकोचा थोरला भाऊ, किंवा आतेमामेभाऊ, ज्याच्याशी सोयरीक जुळू शकते.

"म्हणजे एक तर मी याच्या बहिणीचा नवरा," व्यंकटेश म्हणाला, "नाही तर हा माझ्या बहिणीचा. आणि माझी बहीण तिथं बाशिंग बांधून बसलेली! नवरदेवाचा काका उठून मला विचारतो, हा कोण? वर हा त्या काकाला म्हणतो, 'बसा की मामा.' मामा म्हणजे आमच्यात सासरा पण होतो बे! एका मिनिटात दोन्ही घरांचा जावई झालास."

"तेव्हापासूनच हा नावावर आलाय," रफिक म्हणाला.

संदीप लाल. "पुण्यात असलं काही नसतं. तिथं सगळे प्रोफेशनल असतात."

"पुण्यात पहिल्याच आठवड्यात साहेबाला 'हो बे' कोण म्हणालं होतं?"

हे मीच विचारलं. मला ते फोनवर रडत रडत सांगितलं होतं, आणि अशा गोष्टी मी विसरत नाही. आपल्याकडं 'बे' नसला तर माणूस रागावलाय असं वाटतं, तिकडं असला तर.

मल्लूनं कप खाली ठेवला. "बरं, घरचं सांग. आमची अव्वा अप्पाला 'री' म्हणायची. व्यंक्याची आई 'एमंडी' म्हणते. तुमच्यात 'अहो'. तुझी बायको काय म्हणते?"

"नावानं. संदीप म्हणते." मान ताठ.

"आणि चिडली की?"

संदीपनं चौकातल्या रिक्षांकडं बघितलं. मग कपात बघितलं.

"...अहो म्हणते."

रफिकच्या नाकातून चहा आला. व्यंकटेश कट्ट्यावरून उतरून खाली बसला. पाच मिनिटं कुणालाही धड बोलता येईना, आणि बँकेतली ती पोरगी, स्वीडन, सगळं त्यात वाहून गेलं.

टपरीवरचा अण्णा इतका वेळ दूध ढवळत सगळं ऐकत होता. त्यानं तिथूनच आवाज दिला, "ओ स्वीडन! पाच चहा, दोन खारी. कोण देतंय?"

आणि संदीपनं ओ दिली.